कासवाचा उपास

तापीच्या काठावर आमचं झोपडं होतं तेव्हा घरातल्या बहुतेक वस्तू टांगलेल्या असायच्या. पिठाचा डबा आढ्याला, गोधड्या दोरीवर, माझी पुस्तकं गोणपाटाच्या पिशवीत घालून खुंटीला. जमिनीवर फक्त चूल आणि माणसं. नदी चढली की पाणी दारातून यायचं नाही, खालून यायचं, भुई पाझरायला लागायची आणि माय मुकाट्यानं चूल विझवायची. दादा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात कामाला होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. खानदेशातून आलेली आमच्यासारखी माणसं तिथं मागावर उभी राहायची आणि घरी यायची ती भुवयांत पांढरा तंतू आणि कानात तोच खडखडाट घेऊन. दादांना हळू बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तेही हळू बोलत नसत. आमच्या घरातली साधी साधी बोलणी बाहेरच्याला भांडणासारखी वाटायची. माय मात्र त्यांच्याशी हातानंच बोलायची. जेवा, झोपा, पीठ संपलं, सगळं हातानं.

जेवणात ज्वारीची भाकरी आणि सुकट. वाळवलेले बारीक झिंगे तव्यावर भाजायचे, लसूण-मिरची घालायची, पाट्यावर दोन हात फिरवायचे. त्याचा वास आख्ख्या ओळीला जायचा आणि कुणी ना कुणी वाटी घेऊन यायचंच. तो वास म्हणजे आमचं घर. पुढं त्याच वासानं आमचं घर घालवलं, ते सांगायला बसले आहे.

मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते तेव्हा पाणी खुंटीच्याही वर गेलं. आम्ही शाळेच्या ओट्यावर जाऊन बसलो. परत आलो तर झोपड्याच्या जागी चिखलात चार बांबू आणि पुस्तकांचा एक लगदा. मी तो चुलीच्या कडेला वाळवला आणि पानं सुईनं सोडवली. इतिहासाच्या पुस्तकाची खालची अर्धी पानं गेलीच. कितीतरी लढाया मला सुरुवातीपर्यंतच पाठ होत्या, निकाल माहीत नव्हता.

त्या पुरानंतर दादांनी शेठकडे तोंड उघडलं. शेठच्या बंगल्यामागं एक खोली रिकामी होती. शेठ बरं म्हणाले, पण खोली द्यायची की नाही ते शेठाणी ठरवणार. आम्ही तिघं धुतलेले कपडे घालून तिच्यापुढं उभे राहिलो. ती झोपाळ्यावर बसून भेंडी चिरत होती. स्थूल, गोरी, आवाजानं गोड बाई. चाकू न थांबवता तिनं दादांना विचारलं, "तमे केवा?" म्हणजे तुम्ही कोणातले.

"मराठी," दादा म्हणाले.

ती हसली. "ए तो खबर छे. मांसमच्छी?"

"नाही, बा." शेठाणीला सगळे बा म्हणायचे.

मी दादांकडे पाहिलं. माय जमिनीकडे पाहत होती. त्या सकाळीच आम्ही सुकट खाऊन आलो होतो आणि माझ्या नखांत लसणाचा वास होता. हे मी लोकांना सांगते तेव्हा एखादा शिकलेला माणूस विचारतो, की तुमच्या वडिलांनी खरं सांगायला काय हरकत होती. असं विचारणाऱ्याला आयुष्यात कुणी 'तमे केवा' विचारलेलं नसतं. दादांनी जे सांगितलं त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज ज्यांनी विचारलं त्यांना वाटायला हवी होती. त्यांना ती कधी वाटली नाही.

खोलीला फरशी होती. दाराबाहेर नळ होता. आणि छताला विजेचा दिवा होता. मी तो दिवसाच लावला, बंद केला, पुन्हा लावला. मायनं भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. शेठाणी एकदा खोली पाहायला आली, तिनं तसबिरीला हात जोडले आणि म्हणाली, सारुं, सारुं, ए पण भगवाननो अवतार. मायनं सुकटीची पुरचुंडी तांदळाच्या डब्याच्या तळाशी पुरली. त्या घरात आम्ही शेठाणी देवदर्शनाला गेली की, खिडकी लावून, भाजायची सोडून कच्चीच सुकट मिठातिखटाशी कालवून भाकरीबरोबर खायचो. चोरून खाल्लेल्या अन्नाला चव असते म्हणतात. आम्हाला नाही लागली.

खोलीच्या बदल्यात मायनं बंगल्यातली भांडी घासायची आणि मी कासवाचं बघायचं. अंगणात वडाच्या गर्द सावलीत सिमेंटचा हौद होता, उभ्या गुळगुळीत भिंतींचा. त्यात ते कासव. खातं सुरू झालं तेव्हा शेठाणीनं ते आणवलं होतं, आणि तेव्हापासून माग वाढतच गेले, म्हणून घराची लक्ष्मी त्या पाठीवर बसलेली आहे असं तिचं मत होतं. सकाळी मी हौदाचं पाणी बदलायचं आणि शेठाणी स्वतः त्याला खाऊ घालायची. पुरी, दुधात भिजवलेली पोळी, खिचडी, केळं, प्रसादाचा शिरा. ते घर कांदा-लसूणसुद्धा न खाणारं, म्हणून घरातलं कासवही तसलंच. शेठाणी पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, की आमचं कासव शुद्ध शाकाहारी आहे, याच्या तोंडाला कधी जीव लागलेला नाही. कासवाला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्यासमोर दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी चातुर्मास लागला आणि कासवानं खाणं सोडलं. एक दिवस पुरी तरंगत राहिली, दुसऱ्या दिवशीही. मी शेठाणीला सांगितलं. ती हौदाशी आली, वाकून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "एणे चोमासानो उपवास लीधो छे," ती म्हणाली. कासवानं चातुर्मासाचा उपास धरला आहे. दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बायकांत ही गोष्ट पसरली आणि संध्याकाळी त्या दर्शनाला आल्या. हौदाच्या कठड्यावर कुंकू, फुलं, तुपाचा दिवा. एक म्हातारी मला म्हणाली, "पोरी, तू भाग्यवान. अशा जीवाचं पाणी तुझ्या हातून बदललं जातं." मी पाणी बदलायला हात घातला तेव्हा कासवाचे डोळे सुजून मिटलेले होते, नाकपुडीशी बुडबुडे येत होते, आणि अंगठा टेकवला तर पाठीची कड दबत होती. कासवाची पाठ दबत नाही, एवढं मलाही कळत होतं.

माय भांडी घासून आली तेव्हा मी तिला हौदाशी नेलं. तिनं पदरानं हात पुसले, ते उचललं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"हाऊ उपास नही वं," ती म्हणाली. "हाई दुखनं शे."

हे शेठाणीला कुणी सांगायचं? मीच सांगितलं. ती झोपाळ्यावर होती. तिनं माझं ऐकून घेतलं आणि त्याच गोड आवाजात म्हणाली, की त्याचं व्रत आहे, तू मध्ये बोलू नकोस, पण त्याला काही झालं तर दोष तुझ्या हातच्या पाण्याचा समजायचा. आणि मग तुम्ही खोलीही सोडायची. सगळं एका सुरात म्हणाली. शेवटचं वाक्य आधीच्यापेक्षा जरासुद्धा वर चढलं नाही. पावसाळी गारठा बाधतो असं सांगून मी रात्रीपुरतं ते खोलीत ठेवायची परवानगी मात्र काढली. दिवसा दर्शन, रात्री आमच्याकडे. आमच्या पत्र्याच्या पाटीत, म्हणजे घमेल्यात, ते येऊन बसलं तेव्हा दादा त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "कासव मरी गयं ते खोली गयी." मायनं तोंडावर हात ठेवून त्यांना हळू बोला अशी खूण केली.

आम्ही काय काय केलं. चमच्याच्या दांडीनं तोंड उघडायला गेले तर ते असं मिटलं की दांडीच वाकली. दुधात कालवलेली भाकरी ओठाशी लावली, ती तशीच वाळून चिकटली. ओवा उगाळून लावला, हळद लावली. कुणीतरी सांगितलं म्हणून काकडी दिली. पाटी कोरडी होती, कारण आजारी जीवाला पाण्यात कसं ठेवायचं, असं आम्हाला वाटायचं. तेही चूकच. आज माझ्याकडे पुस्तक आहे आणि त्यात लिहिलं आहे, की असलं कासव पाण्यात तोंड बुडवल्याशिवाय घास गिळूच शकत नाही. आम्ही त्याला कोरड्यात बसवून घास भरवत होतो आणि ते खात नाही म्हणून रडत होतो. एवढंच खरं होतं, की शेठाणी उपास म्हणत होती तेव्हा आम्ही निदान रडत होतो.

एका एकादशीला रात्री बंगल्यातली सगळी देवळात गेली आणि आम्ही खिडकी लावून जेवलो. सुकट आणि भाकरी. नळावर कुणी बघेल म्हणून मी हात पाटीतच धुतले. म्हणजे पाटीत तांब्याभर पाणी ओतलं आणि त्यात बोटं खळबळली. कासव तिथंच होतं, मला त्याची आठवणही नव्हती. पाण्यात काहीतरी हललं. मिटल्या डोळ्यांनी मान बाहेर आली, लांब, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट लांब, इकडे फिरली, तिकडे फिरली, आणि माझं बोट धरलं. असं धरलं की रक्त आलं. मी ओरडले नाही. माय धावत आली, तिनं माझा हात नाकाशी नेला आणि विचारलं, "तुना बोटस्ले कसाना वास शे?" मग तिचं तिलाच उत्तर मिळालं आणि ती डब्याकडे गेली.

भिजवलेली सुकट पाण्यात टाकली. डोळे बंद, पण वासानं मान बरोबर तिथं गेली. पहिला झिंगा आत गेला तेव्हा माय खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. दादा म्हणाले, "मराठीच शे," आणि आम्हाला कित्येक महिन्यांनी हसू आलं, आवाज न करता, खांदे हलवत.

हसून झाल्यावर दादांनी उरलेलं वाक्य पुरं केलं. "मरी गयं ते खोली गयी. वास बाहेर गया ते बी खोली गयी." खरंच होतं ते. कासवाला जगवायचं तर त्याला तेच द्यायला हवं होतं, जे त्या आवारात आणलं तर आम्हाला बाहेर काढलं जाणार होतं. माझं मॅट्रिकचं वर्ष. दिवा त्या खोलीत होता. दादा म्हणाले, मरू दे, नशीब म्हणू. माय म्हणाली, नशीब शेठाणी म्हणेल का. मी म्हणाले, मी आणते.

शाळेतून येताना मी मच्छीबाजारातून यायला लागले. एका कोळणीकडून माशांची आतडी, काळीज, बारीक मासळी मागून घ्यायची. तिला वाटायचं घरात मांजर आहे. ती विचारायची, "केम छे तारी बिल्ली?" मी म्हणायची, बरी आहे. मासळी पानात, पान डब्यात, डबा दप्तरात भूगोलाच्या वहीखाली. कालव्याकाठचे शंखशिंपले, ओल्या मातीतले गांडूळ. मासा काट्यासकट ठेचून द्यायचा, कारण काटे काढून दिले तेव्हा पाठ मऊच राहिली आणि सगळं दिलं तेव्हा हळूहळू टणक व्हायला लागली. डोळे कोमट मीठपाण्यानं पुसायचे. सकाळी दर्शनाच्या आधी उन्हात वीट ठेवून तिच्यावर बसवायचं. आधी एकदा, मग दोनदा खायला, आणि खाऊन झालं की ते पाणी लगेच फेकायचं, नाहीतर पुन्हा डोळे चिकटायचे. हे सगळं मी चुकत चुकत शिकले. वास मारायला माय धूप जाळायची. इतका जाळायची की शेठाणीनं एकदा तिला शाबासकी दिली, म्हणाली, बाई, तुझी भक्ती मोठी आहे. आणि आपल्या देवघरातला धूपाचा पुडा तिला दिला. मायनं तो दोन्ही हातांनी घेतला. ती घेतानाची मान मला अजून दिसते.

डोळे उघडले. दिवाळी गेली. देवउठी, म्हणजे कार्तिकी एकादशीला शेठाणीनं पारणं ठरवलं. बायका जमल्या, ओटीवर चांदीची परात, तिच्यात पाणी, त्यात कासव. शेजारी ताटात गरम पुऱ्या आणि दूधपाक. सगळ्या म्हणत होत्या, काय तेज आलं आहे, उपासाचं तेज. शेठाणीनं पुरीचा तुकडा पुढं केला. कासवानं मान वळवली. दुसरा तुकडा. मान आत. बायका कुजबुजल्या. शेठाणी कसंनुसं हसली आणि मला म्हणाली, "विमला, तुं आप." तू दे. मी पुरी हातात घेतली आणि हात पाण्याजवळ नेला. मान सरकन बाहेर आली, माझी बोटं हुंगली, पुरी बाजूला सारली आणि मग, इतक्या सगळ्यांसमोर, चांदीच्या परातीत ते हगलं.

मला भाग्यवान म्हणालेल्या म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण तिच्या सुनेला चांगलं दिसत होतं. पाण्यात पांढरं काहीतरी तरंगत होतं. तिनं वाकून पाहिलं आणि साडी आवरत मागं झाली.

"बा, आ तो माछलीनो कांटो छे."

शेठाणीनं माझ्याकडे पाहिलं. "साचुं बोल."

"मासे दिले," मी म्हणाले. "म्हणून जगलं. तुमच्या पुरीनं मरत होतं."

"मासे आले कुठून? तुमच्याकडे कोण खातं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मायनं मला मागं ओढलं. ती आयुष्यात त्या ओटीवर कधी मान वर करून बोलली नव्हती. "आम्ही खातस, बा," ती म्हणाली. "पहिले महार व्हतो, आते बौद्ध शेतस. तुम्ही विचारं व्हतं ना."

आम्हाला दुसऱ्या दिवशी निघायला सांगितलं. दादांची नोकरी राहिली, कारण कापडाला विणणाऱ्याचा वास लागत नाही. आम्ही हातगाडीवर सामान चढवत होतो तेव्हा अंगणात कासवाला शुद्ध करणं चाललं होतं. आधी गोमूत्र, मग दूध, मग गंगाजळ, मग कुंकू. मी गाडीच्या दांड्याला हात लावून ते सगळं पाहिलं. कासवाला शुद्ध करता येत होतं. आम्ही ज्या फरशीवर झोपलो ती धुता येत होती. आमचं काही करता येत नव्हतं. कॉलेजात पुढं मी समतेवर पुष्कळ भाषणं ऐकली, काही स्वतः केली. त्या सकाळी जे समजलं त्यात कुठल्याच भाषणानं भर घातली नाही.

नवागामच्या बाजूला तेव्हा शेतं होती. तिथं खात्यातल्या लोकांनी पत्र्याच्या खोल्या टाकल्या होत्या, त्यातली एक मिळाली. पुन्हा चिमणीचा उजेड. पुन्हा तव्यावर भाजलेली सुकट, आणि शेजारीण वाटी घेऊन आली तेव्हा मायला रडू फुटलं.

परीक्षा तोंडावर आली होती. एका दुपारी बंगल्यातला गडी सायकलवरून आला. शेठाणीचा निरोप, कासव पुन्हा खात नाही. पुन्हा पुरी, पुन्हा तोच हौद, पुन्हा सुजलेले डोळे. "मागच्या फाटकानं ये म्हणाल्यात," गडी म्हणाला. "अंधार पडल्यावर. जे देतेस ते दे, पण कुणाला कळू देऊ नको."

दादा माझ्याकडे बघायला लागले. नोकरी त्यांची होती. मी वही मिटली आणि गड्याला म्हणाले, "त्यांना सांग, मी मागच्या फाटकानं येत नाही. कासव इथं पाठवा. इथं ते पुढच्या दारात खाईल, उजेडात."

मला वाटलं होतं आता दादांची नोकरी जाणार. दादा म्हणाले, "जाऊ दे, बोलनी ते बोलनी." दिवस मावळायच्या आत तोच गडी टोपली घेऊन आला. टोपलीवर रेशमी कापड बांधलं होतं, रस्त्यात कुणाला दिसू नये म्हणून. मी ते दारातच सोडलं, पाटीत पाणी भरलं आणि दिवसाउजेडी मासळी ठेचायला बसले. गल्लीतली पोरं भोवती जमली. या खेपेला डोळे उघडायला जास्त वेळ लागला. मी मांडीवर बीजगणित आणि पायाशी पाटी असं घेऊन बसायची. बोटांना इतका वास लागला होता की परीक्षेला बाकावरची शेजारची मुलगी सरकून बसली. मी सरकले नाही.

उन्हाळा संपताना शेठाणीनं कासव परत मागितलं. मी निरोप पाठवला, की त्या दिवशी ज्या ज्या बायका ओटीवर होत्या त्यांच्यासमोर तुम्ही तोंडानं सांगा, हे काय खातं आणि ते कुणी खाऊ घातलं. मग घेऊन जा. त्याचं उत्तर आलं नाही. पुन्हा गडीही आला नाही, कासव आमच्याकडेच राहिलं.

आता माझं घर नवागामातच आहे, पक्कं, गच्चीसकट. सभोवती लूमचा आवाज आहे, आणि मीही दादांसारखी मोठ्यानं बोलते असं माझी सून म्हणते. सुकट भाजताना मी सगळ्या खिडक्या उघडते. त्या वर्षी कासव जगलं आणि मी मॅट्रिक झाले. पुढं याच शहरात बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.